जामसाहेबांची लेकरे

दिवाळी सरली की हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव, औंढा, कळमनुरी तालुक्यांच्या वाड्या-तांड्यांवरून माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल अंगावर असते, ती फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. तान्हे मूल पाठीशी बांधून नेतात आणि शाळेत नाव असलेले थोरले मूल म्हाताऱ्या आजीपाशी ठेवतात. अशा मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना काढली. ती कोठे चालते आणि कोठे कागदावरच राहते, हे गावोगावच्या आजी-आजोबांना ठाऊक आहे. आई-बाप जिवंत असून सहा-सहा महिने त्यांच्यावाचून राहणारे लेकरू काय असते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून आज आम्ही ज्यांचे चरित्र सांगणार आहोत ते एका राजाचे असले, तरी वाचकांनी पान उलटू नये अशी विनंती आहे.

हा राजा म्हणजे नवानगर संस्थानचे, आजच्या भाषेत जामनगरचे, जामसाहेब दिग्विजयसिंहजी. दुसऱ्या महायुद्धात घरदार आणि आई-बाप हरवलेल्या पोलंडच्या शेकडो मुलांना त्यांनी आपल्या संस्थानात आणून वाढवले. त्यांत बहुसंख्य कॅथलिक ख्रिस्ती होती, काही ज्यू होती. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी पोलंडची राजधानी वॉर्सा येथे जामसाहेबांच्या आणि कोल्हापूरच्या नावाने उभ्या असलेल्या स्मारकांना भेट दिली आणि ही कथा एका दिवसात घरोघरच्या मोबाईलवर पोहोचली. पोहोचता पोहोचता ती बरीच रंगली. मुलांनी भरलेले एक जहाज बंदरोबंदरी हाकलले जाते, मुंबईचे इंग्रज अधिकारी त्याला धक्क्याला लागू देत नाहीत, मग राजा संतापतो आणि जहाज आपल्या बंदरात उतरवून घेतो, असे काहीसे. असे जहाज आलेच नाही. पहिली मुले मालमोटारींतून, डोंगर आणि वाळवंट ओलांडत आली. राजे-महाराजांच्या कथांना आपल्याकडे असा मुलामा चढतोच. पण आम्हाला असे वाटते की, मुलामा खरवडून काढला तरी जे उरते तेही थोडे नाही, आणि चळवळीच्या वाचकांनी नेमके तेच पाहायला हवे.

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ रोजी काठेवाडातील सडोदर येथे झाला. ज्यांच्या नावाने रणजी करंडक खेळला जातो ते रणजितसिंहजी त्यांचे चुलते, आणि ज्यांच्या नावाने दुलीप करंडक खेळला जातो ते दुलीपसिंहजी त्यांचे धाकटे बंधू. रणजितसिंहजी अविवाहित होते. त्यांनी या पुतण्याला दत्तक घेतले. शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, मग इंग्लंडमध्ये माल्व्हर्न येथे आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. १९१९ मध्ये ते फौजेत अधिकारी झाले आणि १९३१ पर्यंत नोकरीत राहिले. १९३३ मध्ये रणजितसिंहजी वारले आणि ते गादीवर आले. १९३७-३८ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षपद आणि १९३७ पासूनच नरेंद्र मंडळाचे, म्हणजे देशभरच्या संस्थानिकांच्या सभेचे, चॅन्सेलरपद त्यांच्याकडे होते. थोडक्यात, इंग्रजी अंमलात संस्थानिकाला जे जे मानाचे ते सर्व त्यांना लाभले. इंग्रजांशी त्यांचे कधी बिनसले नाही आणि त्यांनी ते बिनसू दिलेही नाही. येथवरच्या चरित्रात आमच्या वाचकांनी कौतुक करावे असे फारसे नाही. एक गोष्ट तेवढी ध्यानात ठेवावी. चुलत्यांचे एक घर स्वित्झर्लंडमध्ये होते आणि तेथे पोलंडचे जगप्रसिद्ध पियानोवादक व एकेकाळचे पंतप्रधान पादेरेव्स्की यांच्याशी तरुण दिग्विजयसिंहजींची ओळख झाली, असे सांगितले जाते. पोलंड हे नाव त्यांच्या कानाला परके राहिले नव्हते.

आता मुलांकडे येऊ. महाराष्ट्राला ज्यू माणूस नवा नाही. कोकणातले बेने इस्राएल कित्येक शतके मराठी बोलत आले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आपल्याकडे त्यांना जातीच्या उतरंडीत एक खाच मिळाली, पण त्यांच्या जिवावर कोणी उठले नाही. युरोपात मात्र हिटलरच्या राज्यात ज्यू असणे हाच गुन्हा ठरला. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हिआं येथे बत्तीस देशांचे प्रतिनिधी निर्वासितांचा विचार करायला जमले. जवळजवळ सर्वांनी हळहळ व्यक्त केली आणि दारे मात्र लावूनच ठेवली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे आणि दुकाने जाळली गेली, त्यानंतर इंग्लंडने सुमारे दहा हजार मुलांना आपल्याकडे येऊ दिले. मुलांना, आई-बापांना नव्हे. स्टेशनावर गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी अडकवून लेकरू गाडीत बसवायचे आणि फलाटावर उभे राहायचे. त्यांतल्या बहुतेक मुलांनी आई-बाप पुन्हा पाहिले नाहीत. अमेरिकेत १९३९ मध्ये वीस हजार मुलांना घेण्याचे विधेयक आले, ते मंजूर होऊ शकले नाही.

हिंदुस्थानातील इंग्रज सरकारही फार उदार नव्हते. मुंबईत १९३४ पासून ज्यू निर्वासितांसाठी एक मदत संस्था काम करीत होती, जामीन राहणारा कोणी दाखवल्याशिवाय प्रवेश मिळत नव्हता. आणि सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेले तेव्हा हिटलरपासून पळून आलेल्या ज्यूंनाच, त्यांच्याकडे जर्मन पासपोर्ट आहे म्हणून, शत्रूचे नागरिक ठरवून त्या वेळच्या अहमदनगरच्या छावणीत नाझींच्याच शेजारी कोंडण्यात आले. पुढे चौकशी होऊन अनेकांना सोडले. सरकार माणूस पाहत नाही, शिक्का पाहते. ज्यांच्या कपाळी जन्मतःच शिक्का मारला जातो त्यांना हे निराळे सांगायला नको.

पोलंडवर १ सप्टेंबर १९३९ रोजी पश्चिमेकडून हिटलर आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून स्टालिन चालून आला. पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना फेब्रुवारी १९४० पासून गुरांच्या डब्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले गेले. जर्मन फौजांपासून जीव वाचवून पूर्वेकडे आलेले ज्यूही त्यांत मोठ्या संख्येने होते. जंगलतोड, उपासमार, ताप. बाप कोठल्या छावणीत, आई कोठल्या शेतावर, आणि मूल अनाथालयाच्या दारात. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला, तेव्हा स्टालिनला पोलंडची आठवण झाली. लंडनमधील पोलंडच्या परागंदा सरकारशी करार झाला आणि या कैद्यांना मोकळीक मिळाली. मोकळीक म्हणजे काय, तर दक्षिणेकडे चालत सुटा. १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक माणसे इराणात पोहोचली. वाटेत किती मेली याचा हिशेब कोणी ठेवला? पुष्कळ आयांनी मुले वाचावीत म्हणून स्वतःच ती अनाथालयात सोडली, आणि अनाथ नसलेली मुले अनाथ म्हणून नोंदली गेली.

यातील आठशेहून अधिक ज्यू मुले तेहरानमध्ये वेगळी गोळा करण्यात आली. त्यांना पॅलेस्टाइनला न्यायचे होते. इराकने आपल्या भूमीतून जाऊ दिले नाही, म्हणून जानेवारी १९४३ मध्ये त्यांना जहाजाने आधी आपल्या तेव्हाच्या कराची बंदरात आणले, तेथून अरबस्तानाला वळसा घालून सुएझ, आणि फेब्रुवारीत ती मुले मुक्कामी पोहोचली. नकाशावर बोट ठेवून पाहावे; शेजारच्या घरी जायला गावाला वेढा घालावा तसा हा प्रवास आहे. गावची मधली वाट बंद असलेल्यांना असा वेढा घालावाच लागतो.

मुंबईतील पोलंडचे वकील बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी याच्याही आधी, १९४१ च्या अखेरीपासून, मुलांना हिंदुस्थानात आणण्याची खटपट सुरू केली होती. रशियात मदतीचे सामान घेऊन गेलेल्या मालमोटारी रिकाम्या परत येत, त्यांतून मुले आणायची असे ठरले. अश्काबादहून मशहद, मशहदहून इराणच्या वाळवंटातून झाहिदान, तेथून क्वेट्टा आणि मग मुंबई. एप्रिल १९४२ मध्ये पहिली तुकडी वांद्र्याला पोहोचली. आज जेथे नटनट्यांचे बंगले आहेत त्या वांद्र्यात ही हाडांचे सापळे झालेली मुले सुमारे तीन महिने होती. त्यांच्या उशाखाली पावाचे तुकडे सापडत. दुसऱ्या दिवशी पाव मिळेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. किराबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. पुढे पोलंडमध्ये साम्यवादी राजवट आल्यावर हे दांपत्य परत गेले नाही. किराबाई हैदराबादला स्थायिक झाल्या आणि २००२ मध्ये तेथेच वारल्या. आमच्या मराठवाड्याच्या जुन्या राजधानीत ही बाई इतकी वर्षे राहिली. राजाच्या नावाने चौक झाला, बाईचे नाव कोणाला माहीत नाही. असो.

मुलांना कायमचे कोठे ठेवायचे हा प्रश्न होता. येथे जामसाहेब पुढे आले. नवानगरपासून काही अंतरावर समुद्रकाठी बालाचडी येथे त्यांचा उन्हाळी महाल होता. त्याच्या शेजारी मुलांसाठी बराकी बांधून घेतल्या आणि जुलै १९४२ च्या मध्यास मुले तेथे राहायला आली. नरेंद्र मंडळातील इतर संस्थानिकांकडून आणि टाटांसारख्या उद्योगपतींकडून त्यांनी निधी उभा केला. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना सांगितले की, तुम्ही आता अनाथ नाही, नवानगरची लेकरे आहात, आणि मी नवानगरच्या सर्व लोकांचा बापू आहे तसा तुमचाही आहे. हे बोलणे समारंभापुरते राहिले असते तर आम्ही त्याची दखल घेतली नसती. पण ही मुले म्हातारी झाल्यावर, जगाच्या पाठीवर कोठेही असली तरी, त्यांना बापू म्हणूनच आठवत राहिली.

बालाचडीत काय होते? पोलिश भाषेची शाळा, प्रार्थनेसाठी जागा, दवाखाना, मैदान, बालवीरांची पथके. छावणीचे प्रमुख फादर फ्रान्सिशेक प्लुता हे पोलिश धर्मगुरू. मुलांना हिंदुस्थानी करण्याचा, त्यांचा धर्म बदलण्याचा किंवा त्यांना राजाचे गुणगान शिकवण्याचा उद्योग कोणी केला नाही. मुले आपली गाणी म्हणत, आपली नाटके करीत, आपले सण पाळीत. जामसाहेब आपल्या मुलांना घेऊन नाटके पाहायला येत, नाताळात खाऊ आणीत. पालकाची गोष्ट तर सर्वांनाच पाठ आहे. स्वयंपाकघरात सतत पालक शिजू लागला, मुलांनी जेवणावर बहिष्कार टाकला, बातमी महालात गेली आणि राजाने हुकूम काढला की, या मुलांच्या ताटात पालक वाढायचा नाही. वाचक हसतील. पण आमच्यापैकी जे वसतिगृहात वाढले त्यांनी जरा आठवून पाहावे, पाणीदार वरणाची तक्रार केल्यावर आपल्याला काय ऐकावे लागत होते. फुकटचे मिळते आहे ना, मग गप खा. ज्याला आश्रय दिला त्याच्या नावडीलाही मान द्यायचा, हे फार थोड्या अन्नदात्यांना जमते.

त्याच जुलै महिन्यात जगात आणखी काय चालले होते, हे सोबत ठेवून पाहिले पाहिजे. १८ जुलै १९४२ रोजी वॉर्साच्या ज्यू वस्तीत, भिंत घालून कोंडलेल्या त्या वस्तीत, डॉ. यानुश कोर्चाक यांनी आपल्या अनाथालयातील मुलांकडून रवींद्रनाथ टागोरांचे डाकघर हे नाटक करवून घेतले. खिडकीशी बसून मृत्यूची वाट पाहणाऱ्या मुलाची ती गोष्ट. चार दिवसांनी तेथून त्रेब्लिंकाच्या वधछावणीकडे आगगाड्या सुटू लागल्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुलांसह कोर्चाकही गाडीत चढले. स्वतःची सुटका करून घेण्याची संधी त्यांनी नाकारली होती. एकाच देशाची मुले. सैबेरियाच्या नरकात फेकली गेलेली जगली आणि घरी राहिलेली मारली गेली. आणि त्याच १८ ते २० जुलैला नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली होती. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून निघाले होते. युद्ध मंत्रिमंडळात हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून सर रामस्वामी मुदलियार यांच्यासह जामसाहेबांची नेमणूकही याच सुमाराची.

आता आमचा प्रश्न. काठेवाडातील एका गावची हकीकत बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या टिपणांत नोंदवून ठेवली आहे. ती १९२९ च्या डिसेंबरात गांधीजींच्या यंग इंडियात पत्ररूपाने आली होती. पत्र लिहिणारा भंगी समाजातील शिक्षक होता. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. मिनतवाऱ्या करून, दोन रुपये फी कबूल करून, दोन दिवसांचे बाळ असलेल्या बाळंतिणीला वस्तीबाहेर आणले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. तपासणी अशी झाली. बाई मेली. हे नवानगरातच घडले असे आम्ही म्हणत नाही. पण मुलूख तोच, समाज तोच, आणि काळ बालाचडीच्या तेरा वर्षे आधीचा. बालाचडीच्या मुलाला ताप आला तर डॉक्टर त्याच्या कपाळावर हात ठेवीत होता. काठेवाडातल्या त्या बाळाच्या आईला तो हात मिळाला नाही. समुद्रापलीकडच्या, परभाषेच्या, परधर्माच्या लेकराला छातीशी धरणारी भूमी आपल्याच वेशीबाहेरच्या लेकराला शिवत नव्हती. हा दोष एकट्या जामसाहेबांचा नाही, हे खरे. पण दातृत्वाच्या आरत्या ओवाळताना हे पान कोणी उघडत नाही, ते आम्हाला उघडावे लागते.

म्हणून जामसाहेबांचे काम लहान ठरते काय? आमचे मत तसे नाही. उलट त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट पालकाची किंवा नाताळाच्या खाऊची नाही, ती युद्ध संपल्यानंतरची आहे, आणि ती दयेची नसून कायद्याची आहे. जुलै १९४५ मध्ये इंग्लंड-अमेरिकेने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातील साम्यवाद्यांच्या नव्या सरकारला दिली. एका सहीने मुलांचे कागदोपत्री पालक नाहीसे झाले. नवे सरकार मुले परत मागू लागले. ज्यांचे आई-बाप मेले, ज्यांची गावे आता सोव्हिएत रशियाच्या हद्दीत गेली, त्यांनी परतायचे कोठे? ज्यांनी त्यांना सैबेरियात नेले त्यांच्याच ताब्यात? लहान मुलाला जायचे नाही असे म्हणण्याचा अधिकार नसतो, तो पालकाला असतो. तेव्हा जामसाहेब, फादर प्लुता आणि इंग्रजांचे तेथील अधिकारी क्लार्क यांनी मिळून या मुलांचे कायदेशीर पालकत्व घेतले. आता मुलांना पालकांच्या संमतीवाचून हलवता येईना. ज्यांना जायचे होते ती गेली, ज्यांचे नातेवाईक सापडले ती त्यांच्याकडे गेली, कोणावर बळजबरी झाली नाही. एकदा खाऊ वाटणारे पुष्कळ असतात. कोर्टकचेरीच्या कागदावर सही करून हे लेकरू माझे आहे, याचा जाब मला विचारा, असे म्हणणारा विरळा.

मराठवाड्यातील माणसाला या सहीचे मोल कळावे. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा वाहते. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भयाने निजामी हद्दीतील कुटुंबे बोचकी आणि पोरे घेऊन ही नदी ओलांडून वऱ्हाडात गेली. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि मराठवाड्यातील कित्येक निरपराध मुसलमान कुटुंबांवर तीच पाळी आली. त्यांची विचारपूस करायला फारसे कोणी गेले नाही. आणि १९७८ च्या जुलै-ऑगस्टात, विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाल्यावर, नांदेड-परभणीच्या गावांतून आमची माणसे रात्रीतून मुले उचलून शेता-रानांतून तालुक्याच्या गावी पळाली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. ती मुले आपल्याच जिल्ह्यात निर्वासित झाली. त्यांच्यासाठी कोणत्या महालाशेजारी बराकी बांधल्या गेल्या? समाजाने समाजाला सांभाळले, एवढेच.

१९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली आणि उरलेली मुले आपल्या महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आली. वळिवड्याची छावणी १९४३ पासूनच होती आणि बालाचडीपेक्षा खूप मोठी, सुमारे पाच हजार पोलिश माणसांची. बहुतेक बायका आणि मुले. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकगृह, सगळे गावच. छातीच्या रोगाने आजारी मुलांना पाचगणीला पाठवीत. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह उभे केले, त्याच्या वेशीवर ही मुले पंचगंगेच्या पाण्यात पोहायला शिकली. वळिवड्याला कोणा एका राजाचे नाव चिकटलेले नाही, म्हणून त्याची कथा मोबाईलवर कमी फिरते. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. अनेक कुटुंबांचे पुरुष इंग्लंडच्या बाजूने लढलेल्या पोलिश सैन्यात होते, ती इंग्लंडला गेली. बाकीची ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशी पांगली. काही पोलिश माणसे कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत कायमची राहिली. मोकळ्या झालेल्या बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी निर्वासित आले. तेच आजचे गांधीनगर, कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध असलेले.

जामसाहेबांचे पुढचे आयुष्य राजकारणात गेले. १९४७ मध्ये काठेवाडातील संस्थाने भारतात आणण्याच्या कामी ते सरदार पटेलांसोबत राहिले आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये सौराष्ट्राचा संघ झाला तेव्हा त्याचे राजप्रमुख झाले. नोव्हेंबर १९४७ मध्ये सोमनाथच्या देवळाची पुनर्बांधणी ठरली, तेव्हा त्यांनी तेथल्या तेथे एक लाख रुपये जाहीर केले. देवळासाठी आणि परक्या लेकरांसाठी तोच हात सैल सुटत होता. आम्ही यांतल्या दुसऱ्या खर्चाला मोठा मानतो, एवढे नोंदवून पुढे जातो. संयुक्त राष्ट्रांत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९५६ मध्ये सौराष्ट्र मुंबई राज्यात विलीन झाले आणि राजप्रमुखपद संपले. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्या काळी साम्यवादी पोलंडमध्ये सैबेरियाचे नाव काढणे धोक्याचे होते, त्यामुळे बालाचडीचे नाव काढणेही अवघड होते. सोव्हिएत रशियाने केलेली हद्दपारीच जेथे घडली नव्हती असे मानायचे, तेथे त्या हद्दपारीतून वाचलेल्या मुलांना आसरा देणाऱ्याचे आभार कसे मानणार? मुले आपापल्या देशांत म्हातारी होत राहिली, एकमेकांना पत्रे लिहीत राहिली, आणि १९८९ मध्ये पोलंडमधील राजवट बदलू लागली तसे त्यांनी तोंड उघडले. त्याच वर्षी बालाचडीला, जेथे आता सैनिकी शाळा आहे, त्यांनी स्मृतिस्तंभ उभारला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातला स्तंभ १९९८ चा. मुलांना सांभाळल्याबद्दल जामसाहेबांनी पोलंडकडे पैसा मागितला नव्हता, स्वतंत्र पोलंडमध्ये एखाद्या रस्त्याला माझे नाव द्या इतकेच ते म्हणाले होते, अशी आठवण तेथे सांगतात. वॉर्सातील एका चौकाला हे नाव मिळायला २०१२ उजाडले. त्याआधी, १९९९ मध्ये, वॉर्सातील एका शाळासमूहाने त्यांना आपले आश्रयदाते म्हणून निवडले होते. पुढे चेचन्यातील युद्धातून पळून आलेली मुले पोलंडमध्ये आली, तेव्हा त्या शाळांनी त्यांनाही वर्गात घेतले.